घरातल्या सुट्या हार्डडिस्क वायफायवर आणायच्या कशा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळी आलेल्या पत्रांमध्ये बहुतेक पत्रं एकाच विषयाची निघाली. घरात तीन-चार एक्सटर्नल हार्डडिस्क आहेत, एक कपाटात, एक ड्रॉवरमध्ये, एक कुणीतरी नेलेली, फोटो नक्की कुठल्या डिस्कवर आहेत ते कुणालाच आठवत नाही, आणि आता त्या सगळ्या घरच्या नेटवर्कवर आणून प्रत्येकाला मोबाईलवर, लॅपटॉपवर, टीव्हीवर दिसायला हव्यात. म्हणून या अंकात दुसरा विषयच घेतला नाही.

प्रश्न : आमच्याकडे चार हार्डडिस्क आहेत, दोन एक टीबीच्या, एक दोन टीबीची आणि एक चार टीबीची मोठी, तिला वेगळा अडाप्टर लागतो. मुलींची लग्नं, वास्तुशांत, सासऱ्यांच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली नाट्यगीतं, सगळं त्यात आहे. भाचा म्हणतो नास बॉक्स घ्या आणि त्यात नव्या डिस्क टाका, पण तो खर्च बराच आहे. आमच्या राउटरला मागे यूएसबीची जागा आहे, त्यात हार्डडिस्क लावून काम भागणार नाही का?
– एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : भागेल की ताई. नास म्हणजे तरी काय, कायम चालू असलेला एक छोटा कॉम्प्युटर, त्याला जोडलेल्या डिस्क, आणि त्या डिस्क घरातल्या नेटवर्कवर वाटून देणारं सॉफ्टवेअर. डिस्क तुमच्याकडे आहेतच. यूएसबीवाला राउटर हाही छोटा कॉम्प्युटरच असतो आणि ते वाटून द्यायचं काम त्याला थोडंफार येतं. तेव्हा आत्ता लगेच काही विकत घेऊ नका.

पण जोडायच्या आधी एक काम करायचंच आहे, आणि बहुतेक लोक नेमकं तेच सोडून देतात. आज तुमच्या डिस्क कपाटात आहेत, वर्षातून दोन-चारदा बाहेर येतात. नेटवर्कवर आल्या की त्या रात्रंदिवस चालू राहणार, घरातल्या सगळ्यांचे हात त्यांच्यापर्यंत पोचणार, नातवंडांचेसुद्धा. आणि विंडोजवरून नेटवर्कवरची फाईल डिलीट केली ना, तर ती रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. डेस्कटॉपवरची फाईल डिलीट करायची सवय असलेल्या माणसाला हे माहीतच नसतं, तो म्हणतो चुकून गेली तर काढू परत, आणि परत काढायला तिथे काही नसतंच. डिस्क नेटवर्कवर आणली की सगळ्यांना दिसायला लागते हे खरं, पण त्याने ती सुरक्षित होत नाही, उलट जरा जास्तच उघड्यावर येते. म्हणून दुसरी कॉपी आधी, जोडाजोड नंतर.

तुमच्या बाबतीत हिशोब छान बसतोय बघा. तीन छोट्या मिळून चार टीबी होतात आणि मोठी एकटीच चार टीबीची आहे. चारही भरगच्च असतील तर एक नवी डिस्क घ्यावी लागेल, पण बहुतेक घरांत तेच लग्न तीन डिस्कवर असतं, तेव्हा एकदा बसून बघा खरा माल किती आहे तो. तो चार टीबीच्या आत असेल तर सगळं मोठीवर एकत्र करायचं, तिन्ही छोट्यांवर त्याचीच कॉपी विभागून ठेवायची, मोठी नेटवर्कवर लावायची आणि छोट्या पुन्हा कपाटात, शक्य असेल तर त्यातली लग्नाची आणि नाट्यगीतांची डिस्क मुलीच्या घरी. नाट्यगीतांच्या बाबतीत मी मुद्दाम आग्रह करतोय. लग्नाचे फोटो आणखी कुणाकडे तरी निघतील, पण कॅसेटवरून उतरवलेलं गेलं आणि तोवर मूळ कॅसेटला बुरशी धरलेली असली तर ते कुठूनही परत येत नाही.

हे एकत्र करायचं काम वायफायवरून करू नका. डिस्क सरळ कॉम्प्युटरला यूएसबीने लावून करा. आणि करण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून प्रत्येक डिस्कची तब्येत बघून घ्या. त्यात खूप आकडे दिसतात, घाबरायचं नाही, तीनच ओळी बघायच्या : रिअलोकेटेड सेक्टर, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल सेक्टर. समोर नुसती शून्यं असतील तर ठीक. पेंडिंगमध्ये शून्याशिवाय काही दिसलं तर त्या डिस्कवर नवीन काही भरू नका, आधी तिच्यातलं बाहेर काढा आणि नेटवर्कच्या कामाला ती घेऊ नका.

आता राउटर. मोठी डिस्क स्वतःच्या अडाप्टरवर चालते ही चांगली गोष्ट, राउटरवर विजेचा भार येत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये यूएसबी शेअरिंग किंवा सांबा अशा नावाचं पान असतं, तिथे चालू करायचं, नाव आणि पासवर्ड टाकायचा, आणि तिथेच एफटीपी किंवा इंटरनेटवरून ॲक्सेस असं काही दिसलं तर ते बंद ठेवायचं. मग विंडोजमध्ये फाईल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलटे स्लॅश आणि पुढे राउटरचा आयपी ॲड्रेस टाकला की फोल्डर दिसतात. आयफोनवर फाइल्स ॲपमध्ये कनेक्ट टू सर्व्हर आहे, २०१९ च्या आयओएस १३ पासून आहे, खूप जणांना माहीत नसतं.

इथे एक अडथळा येऊ शकतो. विंडोज म्हणेल की हे शेअर एसएमबी एक या, नेटवर्कवर फाईल वाटायच्या जुन्या पद्धतीवर चालतं म्हणून जोडता येत नाही. मग कुणीतरी सांगतं की विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन एसएमबी एक चालू कर, झालं काम. तसं कृपया करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला तो याच एसएमबी एकमधल्या भोकातून, आणि त्याच वर्षीच्या शरदातल्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मधून ते टप्प्याटप्प्याने काढायला घेतलं. राउटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करून एसएमबी दोन किंवा तीन येतं का बघा, येत नसेल तर त्या राउटरवर डिस्क लावू नका. पुढच्या उत्तरात दुसरा रस्ता आहे.

दुसरी तक्रार स्पीडची येते. नेटवाले देतात त्यातल्या बऱ्याच राउटरचा प्रोसेसर अगदी बेताचा असतो आणि यूएसबी २.० असतं, त्याची कागदावरची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट (आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट), प्रत्यक्षात फार तर ३०-३५ मेगाबाइट, आणि अशा राउटरवर त्याहून कमीच. समजा २० मिळाले तर लग्नाचा २० जीबीचा व्हिडिओ कॉपी व्हायला पंधरा-सतरा मिनिटं जातील. पण नुसता बघायला काहीच अडचण नाही, व्हिडिओ चालायला सेकंदाला एक-दोन मेगाबाइट पुष्कळ होतात. आणि यूएसबी ३.० चं निळं पोर्ट असेल तर आणखी एक लक्षात ठेवा, यूएसबी ३ च्या केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला त्रास होतो, हे इंटेलनेच २०१२ मध्ये मोजून मांडलंय. डिस्क लावल्यावर वायफाय मंदावलं असं वाटलं तर डिस्क अँटेनापासून हातभर लांब ठेवा आणि केबल चांगल्या प्रतीची, शील्ड असलेली घ्या.

प्रश्न : रास्पबेरी पाय घ्यावा की घरात पडलेला जुना लॅपटॉप वापरावा? विजेचं बिल किती येईल?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रास्पबेरी पाय, किंवा नुसता पाय, म्हणजे एकाच बोर्डवरचा छोटासा कॉम्प्युटर. पण लॅपटॉप असेल तर लॅपटॉप. पैसे लागत नाहीत, आणि त्याला स्वतःची बॅटरी असते त्यामुळे लाईट गेली तरी डिस्क झटक्यात बंद पडत नाही. मात्र ती बॅटरी आधी बघा, खालचा भाग फुगलेला दिसला, टचपॅड वर आलेलं दिसलं तर बॅटरी काढून टाका आणि लॅपटॉप नुसत्या अडाप्टरवर चालतो का ते बघा, फुगलेली बॅटरी चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवणं आगीशी खेळ आहे. पोर्ट यूएसबी ३ चं हवं आणि लॅन केबलची जागा हवी.

बिलाचा हिशोब सोपा आहे. पाय ४ आणि एक छोटी पोर्टेबल डिस्क मिळून साधारण ७ वॅट धरा, महिनाभर चोवीस तास चालू ठेवलं तर ५ युनिट. लॅपटॉप, स्क्रीन बंद करून, १५ वॅट धरला तर ११ युनिटच्या आसपास. जुना डेस्कटॉप ६० वॅट खात असेल तर ४३ युनिट, आणि म्हणूनच डेस्कटॉपला मी नको म्हणतो, तो फुकट वाटतो पण दर महिन्याला पैसे घेत राहतो. तुमच्या बिलात तुमचा स्लॅब कुठला आहे ते बघून गुणाकार करा.

पाय घ्यायचाच असेल तर ४ किंवा ५ घ्या. २०१९ मध्ये पाय ४ आला तेव्हा पहिल्यांदा त्यात यूएसबी ३ आणि खरं गिगाबिट इथरनेट आलं. आधीच्या ३ बी प्लसवर गिगाबिट लिहिलेलं असलं तरी ते आतून यूएसबी २ वरच जातं म्हणून ३०० मेगाबिटच्या आसपास अडकतं. सेकंडहँडमध्ये स्वस्त मिळतो म्हणून लोक घेतात आणि मग स्पीड का नाही म्हणून विचारतात.

सॉफ्टवेअर दोन्हीसाठी ओपनमीडियाव्हॉल्ट टाका. फुकट आहे, डेबियन लिनक्सवर उभं आहे, आणि एकदा टाकलं की पुढचं सगळं ब्राउझरमधून क्लिक करत होतं, काळ्या स्क्रीनवर टाइप करत बसावं लागत नाही. लॅपटॉपवर विंडोज १० तसंच ठेवून नुसता फोल्डर शेअर केला तरी काम चालतं, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपलाय, म्हणून कायम चालू राहणाऱ्या मशीनवर लिनक्सच बरं. आणि शेअरला पासवर्ड ठेवाच. विंडोज ११ ला २०२४ चं जे मोठं अपडेट आलं त्यानंतर बिनपासवर्डचं शेअर बऱ्याच मशीनवर उघडतच नाही, आणि लोकांना वाटतं आपलं नास बिघडलं.

अजून एक, केबल. राउटर गिगाबिट, लॅपटॉप गिगाबिट, आणि मधली केबल चार तारांची असेल तर स्पीड १०० मेगाबिटवरच थांबतो, म्हणजे सेकंदाला ११-१२ मेगाबाइट. त्या स्पीडने एक टीबी कॉपी व्हायला अख्खा एक दिवस लागतो. आठही तारा जोडलेली कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल लावली की तेच काम अडीच-तीन तासांत होतं. केबलच्या पारदर्शक पिनमध्ये डोळे बारीक करून बघा, आठ रंगीत तारा दिसल्या पाहिजेत.

प्रश्न : पाय ४ ला दोन पोर्टेबल हार्डडिस्क लावल्या. एक लावली तर व्यवस्थित चालते, दुसरी लावली की टक-टक आवाज येतो आणि दोन्ही गायब होतात. डिस्क खराब झाली का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : डिस्क बहुधा ठणठणीत आहे, तिला वीज पुरत नाहीये. पाय ४ चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअर देतो. पोर्टेबल डिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हा एकटीच एक अँपिअरच्या आसपास मागते, मग दुसरीला काय उरणार? ती फिरायला जाते, जमत नाही, परत जाते, तोच तो टक-टक. हे जास्त दिवस चालू दिलं तर मात्र डिस्क खरंच खराब होईल, तेव्हा आत्ताच काढून ठेवा.

उपाय म्हणजे स्वतःचा अडाप्टर असलेलं यूएसबी हब. दुकानात नुसतं हब मागितलं तर बिनअडाप्टरचं देतात, त्याने काहीच फरक पडत नाही, ते पायचीच वीज वाटून घेतं. पाय ५ वाल्यांसाठीही सांगतो, त्याला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा त्याचाच अडाप्टर लावला तर यूएसबीला १.६ अँपिअर मिळतात, पण मोबाईलचा किंवा ३ अँपिअरचा लावला तर ०.६ वरच रोखतो. म्हणजे नवा पाय जुन्यापेक्षा कमी वीज देतोय असं वाटतं, दोष अडाप्टरचा असतो.

हब लावूनही डिस्क मधेच जात असेल तर डिस्कच्या आतल्या यूएसबी चिपचं आणि लिनक्सच्या यूएएस नावाच्या वेगवान यूएसबी ड्रायव्हरचं पटत नाहीये असं समजा. काही चिपना हा त्रास आहे. त्या डिस्कपुरतं यूएएस बंद करता येतं, स्पीड थोडा कमी होतो पण डिस्क टिकून राहते.

प्रश्न : दोन दोन टीबीच्या डिस्कचं रेड करून चार टीबीची एकच मोठी डिस्क करायची आहे. कसं करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : करू नका. रेड म्हणजे दोन-चार डिस्क एकत्र बांधून एक म्हणून वापरायची पद्धत. तुम्ही म्हणताय ते रेड शून्य, त्यात प्रत्येक फाईलचे तुकडे दोन्ही डिस्कवर पडतात, एक गेली की दोन्हीतलं सगळं गेलं. यूएसबीवर तर कुठलंच रेड नको, केबल जरा हलली तरी सॉफ्टवेअरला वाटतं डिस्क मेली, आणि मग ते सगळं पुन्हा जुळवायला बसतं. त्यातून पोर्टेबल डिस्कमधल्या बऱ्याच एसएमआर प्रकारच्या असतात, म्हणजे डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिलेले. त्या थोडं लिहायला ठीक असतात, पण शेकडो जीबी सलग लिहायला घेतलं की मधेच स्पीड एकदम खाली येतो. रेड जुळवताना नेमकं तेच करावं लागतं.

तुम्हाला हवंय ते एवढंच ना, की दोन डिस्क एकच फोल्डर म्हणून दिसाव्यात? त्याला मर्जरएफएस आहे, ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये प्लगइन म्हणून मिळतं. प्रत्येक फाईल अख्खी कुठल्यातरी एकाच डिस्कवर राहते, बाहेरून मात्र एक फोल्डर दिसतो. एक डिस्क गेली तर दुसरीवरचं शाबूत. आणि जुळ्या डिस्कची गरजच नाही, एक टीबी आणि चार टीबी अशा विजोड डिस्कही चालतात.

पण तुमच्या जागी मी असतो तर दुसरी दोन टीबी तशीच बाजूला ठेवली असती आणि दर रविवारी पहिलीची कॉपी दुसरीवर घेतली असती. रेड एकमध्ये दोन्हीकडे एकाच वेळी लिहिलं जातं, म्हणजे चुकून डिलीट झालं तर दोन्हीकडून डिलीट. रविवारची कॉपी निदान शनिवारपर्यंतचं तरी जपून ठेवते.

प्रश्न : मी दशावतारी नाटकांची रेकॉर्डिंग गोळा करतो. विंडोजवरच्या डिस्कमधून पायच्या डिस्कवर कॉपी करताना काही फाईल जातात, काही जात नाहीत, नाव फार मोठं आहे असं येतं. पण विंडोजला तर तेच नाव चालत होतं! फाईल खराब आहेत का?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : फाईल उत्तम आहेत, आणि हा प्रश्न विचारलात त्याबद्दल मनापासून आभार, कारण मराठीत नावं देणाऱ्यांनाच हा भेटतो आणि इंग्रजीतल्या माहितीत तो कुठे धड सापडत नाही.

डिस्कवर फाईल मांडून ठेवायची प्रत्येकाची आपली पद्धत असते. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये फाईलचं नाव २५५ अक्षरांपर्यंत चालतं. लिनक्सच्या ईएक्सटी ४ मध्येही मर्यादा २५५ च आहे, पण ती अक्षरांची नाही, बाइटची आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला तीन, आणि काना, वेलांटी, हलन्त या सगळ्या वेगळ्या खुणा धरल्या जातात. नुसता श्री घ्या, आपल्याला एक अक्षर दिसतं, पण त्यात श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशा चार खुणा, म्हणजे १२ बाइट गेले. २५५ ला तीनने भागलं की ८५ खुणा येतात, मराठी नावाला तेवढीच जागा. आता तुम्ही दिलं असणार मंडळाचं पूर्ण नाव, प्रयोगाचं नाव, गाव, जत्रेची तिथी, कोण नारद झालं आणि कोण संकासुर, तर ८५ कधी ओलांडले कळतही नाही.

नाव छोटं करायचं, पण माहिती फेकायची नाही. फाईलच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग गाव, मग आख्यानाचं नाव, बास. बाकी मंडळ, कलाकार, हार्मोनियम कुणाची, पखवाज कुणाचा, हे सगळं त्याच फोल्डरमध्ये एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये किंवा एक्सेलमध्ये लिहून ठेवायचं. शोधायलाही ते सोपं जातं. कॉपी करताना टेराकॉपी वापरा, कुठल्या फाईल गेल्या नाहीत त्याची यादी ते शेवटी समोर ठेवतं, म्हणजे चारशे फाईलमधून हाताने शोधावं लागत नाही. आणि मूळ नावं जशीच्या तशी हवी असतील तर अख्खा फोल्डर झिप करून झिपला छोटं नाव द्या, आतली नावं तशीच राहतात.

ती यादी रिकामी येईपर्यंत जुनी डिस्क फॉरमॅट करू नका.

प्रश्न : डिस्क एनटीएफएसमध्येच ठेवावी की ईएक्सटी ४ करावी? फॉरमॅट केलं की सगळं जाणार ना?
– एक वाचक, अंबरनाथ

उत्तर : हो, फॉरमॅटमध्ये सगळं जातं. डिस्क अधूनमधून काढून विंडोज लॅपटॉपला लावणार असाल तर एनटीएफएस राहू द्या, आजचं लिनक्स ते नीट वाचतं-लिहितं. कायमची पायलाच राहणार असेल तर ईएक्सटी ४ करा. घराला रंग देताना आपण एक खोली रिकामी करतो, ती रंगवून झाली की पुढच्या खोलीतलं सामान तिच्यात हलवतो, अगदी तसंच, एक डिस्क रिकामी करायची, फॉरमॅट करायची, पुढचीतलं तिच्यावर आणायचं. फक्त या सगळ्यात कुठल्याही क्षणी एखादी फाईल एकाच डिस्कवर राहते आहे असं होऊ देऊ नका, त्यासाठी आठवडाभर कुणाची तरी डिस्क उसनी आणावी लागली तरी आणा.

एक्सफॅट ही फॉरमॅटची तिसरी पद्धत मात्र कायम चालू राहणाऱ्या डिस्कला नको. त्यात जर्नल नसतं, म्हणजे लिहिता लिहिता लाईट गेली तर अर्धवट राहिलेलं काम सावरायची सोय त्याच्याकडे नाही.

प्रश्न : आमच्याकडे लाईट सारखी जाते, पावसाळ्यात विजाही फार. इन्व्हर्टर आहे. तेवढं पुरेल का?
– एक वाचक, वर्धा

उत्तर : इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे यूपीएस मोड असं बटण असतं, ते बघा. साध्या मोडमध्ये मेनवरून बॅटरीवर जायला जो क्षण जातो तेवढ्यात पंखा-ट्यूबला काही होत नाही पण राउटर, पाय किंवा डिस्क रीस्टार्ट होऊ शकते. यूपीएस मोडवर टाकलं की तो क्षण बराच कमी होतो. राउटरसाठी जे छोटे १२ व्होल्टचे यूपीएस मिळतात ते राउटरला छान, पण पायला ५ व्होल्ट लागतात, तेव्हा पिन बदलून तीच वायर पायला लावू नका, पाय जळेल.

विजांचं म्हणाल तर नेट घरात कसं येतं त्यावर आहे. फायबर असेल तर त्या काचेच्या तारेतून वीज येत नाही. पण केबलवाल्याने गच्चीवरून, समोरच्या इमारतीवरून तांब्याची लॅन केबल टाकून नेट दिलं असेल तर जवळपास वीज पडली की झटका त्या केबलमधून राउटरमध्ये आणि तिथून लॅन केबलने पायपर्यंत येऊ शकतो. अशा वेळी नुसती प्लगची पिन काढून उपयोग नाही, बाहेरून येणारी लॅन केबलही काढायची. आणि कॉपीची डिस्क कायम जोडून ठेवायची नाही, हे याचसाठी.

प्रश्न : मुलगा जर्मनीत आहे. त्याला तिकडून घरच्या डिस्कवरचे फोटो दिसावेत म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं, तरी त्याला दिसत नाहीत.
– एक वाचक, पुणे

उत्तर : दिसले नाहीत हे बरं झालं. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे बाहेरून येणाऱ्याला राउटरमधून थेट घरच्या मशीनपर्यंत दार उघडून देणं. आपल्याकडे बहुतेक नेटवाले शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा आयपी देतात, त्याला सीजीनॅट म्हणतात, त्यामुळे बाहेरून आलेला माणूस तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. पण पोचत असता तरी फाईल शेअरिंगचं पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवायचं नसतं. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाईव्ह या डिस्क जगभरातल्या लोकांच्या घरी रातोरात फॅक्टरी रीसेट होऊन रिकाम्या झाल्या, कारण त्या इंटरनेटला जोडलेल्या होत्या आणि त्यांना २०१५ नंतर अपडेट मिळालेलं नव्हतं. जानेवारी २०२२ मध्ये क्यूनॅपच्या, म्हणजे चांगल्या महागाच्या नास बॉक्सवर डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने फाईल कुलूपबंद करून बिटकॉइन मागितले. तेव्हा ते पोर्ट फॉरवर्डिंग आजच काढून टाका.

त्याऐवजी टेलस्केल टाका, आपल्याच मशीनना इंटरनेटवरून खाजगी वाटेने जोडणारं सॉफ्टवेअर आहे ते. पायवर एकदा, मुलाच्या लॅपटॉपवर एकदा, दोघांचं लॉगिन एकाच खात्यात. घरगुती वापराला फुकट आहे, सीजीनॅटमधूनही चालतं आणि बाहेरच्या जगाला काहीच उघडं राहत नाही, तो तिकडे बसून घरच्याच वायफायवर असल्यासारखा फोल्डर उघडेल. त्याला मात्र वेगळं युजरनेम देऊन फक्त बघण्याची परवानगी द्या, डिलीटची नको. मुलावर अविश्वास म्हणून नाही, त्याच्या लॅपटॉपमध्ये उद्या काही शिरलं तर ते तुमच्या डिस्कवर लिहू शकायला नको म्हणून.

प्रश्न : टीव्हीवर लग्नाचा व्हिडिओ कसा लावायचा? आणि मोबाईलमधले फोटो आपोआप डिस्कवर येतील का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अँड्रॉइड टीव्हीवर व्हीएलसी टाका, त्यात लोकल नेटवर्कमध्ये डिस्क दिसते, नाव-पासवर्ड टाकला की संपलं. पोस्टर-बिस्टर छान दिसायला हवं असेल तर जेलीफिन नावाचं सॉफ्टवेअर आहे, पण पायवर व्हिडिओचं रूपांतर करायला लावू नका, तो दमतो. मूळ फाईल जशी आहे तशी चालू द्या.

फोटोंसाठी इमिच आहे, गुगल फोटोजसारखंच दिसतं, चेहरे ओळखतं. १ जून २०२१ ला गुगलची अमर्याद फुकट जागा संपल्यापासून लोक असं काहीतरी शोधतच आहेत. पण त्याला रॅम खूप लागते, २ जीबीच्या पायवर घालू नका, ८ जीबीचा जुना लॅपटॉप असेल तर घाला, आणि त्याचा डेटाबेस लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवरच ठेवा, फोटो हवे तर बाहेरच्या डिस्कवर.

प्रश्न : पोर्टेबल डिस्क फोडून आतली डिस्क नास बॉक्समध्ये बसवता येते असं ऐकलं. खरं का?
– एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : अडाप्टरवाल्या मोठ्या डिस्कमध्ये आत बहुतेक वेळा साधी साटा डिस्क, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत बसवतात त्याच पिनची, असते, ती बसते. छोट्या पोर्टेबलमध्ये मात्र बऱ्याच मॉडेलना यूएसबीची पिन थेट डिस्कच्याच बोर्डवर असते, साटाची जागाच नसते, फोडली की वॉरंटी गेली आणि हातात काही नाही. शिवाय काही मॉडेलमध्ये आपण पासवर्ड ठेवला नसला तरी यूएसबीचा बोर्ड सगळं कोड करूनच लिहितो, तो बोर्ड बाजूला केला की तीच डिस्क दुसरीकडे कोरी दिसते. म्हणून फोडायचीच असेल तर आधी पूर्ण रिकामी करा, मॉडेल नंबर टाकून आतून ती कशी आहे ते बघा, आणि मगच स्क्रूड्रायव्हर हातात घ्या.